इंग्रजीत जहाजाला ‘शी’ लिहावे की ‘इट’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात तुम्ही इंग्रजी पत्रव्यवहार पाहता. न्हावा शेवाहून निघणाऱ्या जहाजाला उशीर होणार असल्याचे पत्र तुम्ही जहाजासाठी ‘शी’ आणि ‘हर’ वापरून लिहिलेत, कारण कार्यालयातील जुन्या साहेबांनी तसेच शिकवले होते. खरेदीदाराच्या उत्तरात मात्र त्याच जहाजासाठी सगळीकडे ‘इट’ होते. त्यातच एका स्थानिक दिवाळी अंकासाठी नौदलाविषयीच्या इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद तुमच्याकडे आला आहे, आणि तिथल्या ‘शी’चे मराठीत ‘ती’ करावे की ‘ते’, हा दुसरा पेच उभा राहिला आहे.

आधी उत्तर देते, मग कारणे. व्यापारी पत्रात ‘इट’ लिहावे. नौदलाच्या किंवा दर्यावर्दी परंपरेतल्या मजकुरात ‘शी’ असेल तर ते ठेवावे. कायद्यातला किंवा करारातला ठरलेला मजकूर उद्धृत करताना त्यातल्या सर्वनामाला हात लावू नये. आणि एकाच मजकुरात दोन्ही कधीही मिसळू नयेत. तुमचे साहेब चुकलेले नाहीत आणि खरेदीदारही चुकलेला नाही. दोघांचे इंग्रजी वेगवेगळ्या काळात घडले आहे, एवढेच. निर्यातदारांची कागदपत्रे तपासणे आणि इंग्रजी-मराठी अनुवाद करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि माझा अनुभव असा की नुसता नियम सांगितला तर तो पुढच्याच पत्रात अडतो. म्हणून हा नियम कोठून आला आणि आपण मराठी माणसे त्यात नेमकी कोठे अडखळतो, हे सविस्तर सांगते.

मराठीत लिंग वस्तूला नसते, शब्दाला असते. मचवा बुडाला, होडी बुडाली आणि गलबत बुडाले, या तीन वाक्यांत पाण्याखाली गेलेली वस्तू एकाच जातीची आहे. बदलला तो फक्त शब्द. पडाव पुल्लिंगी, आगबोट स्त्रीलिंगी, तारू नपुंसकलिंगी, आणि यांपैकी कोणताही शब्द वापरताना आपल्या मनात पुरुषाची किंवा बाईची प्रतिमा येत नाही. इंग्रजीत नामाला असे लिंग नाही. तिथे सर्वनाम वस्तूकडे पाहून ठरते: माणूस असेल तर ‘ही’ किंवा ‘शी’, निर्जीव असेल तर ‘इट’. म्हणून इंग्रजी माणूस जहाजाला ‘शी’ म्हणतो तेव्हा तो व्याकरण पाळत नसतो. व्याकरणाने दिलेले ‘इट’ बाजूला ठेवून त्या वस्तूशी असलेले आपले नाते बोलत असतो. आपण मात्र ‘शी’ वाचले की त्याला ‘ती होडी’तल्या ‘ती’सारखे समजतो. इथेच घोटाळ्याची सुरुवात होते.

सोलापुरात हा फरक समजावणे इतर गावांपेक्षा सोपे जाते, असे मला शिकवताना नेहमी वाटत आले आहे. वर्गात कन्नड आणि तेलुगू घरांतली मुले असतात. कन्नडात लिंग अर्थावरून ठरते: पुरुषाला पुल्लिंग, स्त्रीला स्त्रीलिंग, उरलेल्या सगळ्याला नपुंसकलिंग. त्यामुळे कन्नड घरातला विद्यार्थी इंग्रजीत जहाजाला सहज ‘इट’ लिहितो आणि पुस्तकात ‘शी’ दिसले की दचकतो. त्याचे दचकणे योग्यच असते, कारण त्याच्या भाषेची रचना या बाबतीत इंग्रजीसारखी आहे. तेलुगूत एकवचनी ‘अदि’ वस्तूलाही चालते आणि अनौपचारिक बोलण्यात स्त्रीलाही, त्यामुळे त्या मुलांची शंका निराळी असते. मराठी विद्यार्थ्याला मात्र काहीच खटकत नाही. त्याच्या भाषेत खुर्ची ‘ती’ असते, चादर ‘ती’ असते, मग बोट ‘शी’ असली तर बिघडले काय? न खटकल्यामुळेच तो पहिल्या परिच्छेदात मनात ‘बोट’ धरून ‘शी’ लिहितो, तिसऱ्या परिच्छेदात मनात ‘जहाज’ आले की ‘इट’ लिहितो, आणि आपण दोन सर्वनामे वापरली हे त्याच्या लक्षातही येत नाही. अशी पत्रे मी इतकी पाहिली आहेत की कागदावर ‘शी’ आणि ‘इट’ एकत्र दिसले की लिहिणाऱ्याच्या मनात कोठे ‘बोट’ होती आणि कोठे ‘जहाज’ होते, हे ओळखता येते.

आता इतिहास. जुन्या इंग्रजीत नामांना लिंग होते, पण जहाजासाठीचा ‘शिप’चा पूर्वज असलेला शब्द नपुंसकलिंगी होता. त्यामुळे ‘शी’ हा जुन्या व्याकरणाचा उरलेला अवशेष आहे, हे स्पष्टीकरण टिकत नाही. नामांचे लिंग भाषेतून गळून गेल्यानंतर ही रूढी वेगळी वाढली. सतराव्या शतकापर्यंत ती इतकी पक्की झाली होती की नाटककार बेन जॉन्सन याच्या इंग्रजी व्याकरणात, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले, निर्जीव वस्तूंना नपुंसकलिंग सांगताना जहाजाचा अपवाद नोंदवलेला आहे; आणि जहाजाचे नाव हर्क्युलिस किंवा हेन्री असले तरी त्याला ‘शी’च म्हणतात, असेही तिथे स्पष्ट केले आहे. ही नोंद मला फार उपयोगाची वाटते. नाव पुरुषाचे आहे म्हणून ‘ही’ लिहावे का, हा आजही विचारला जाणारा प्रश्न तिने तेव्हाच निकालात काढला.

ही रूढी का पडली, याची कारणे मात्र हवी तितकी मिळतील: लॅटिनमधला ‘नाविस’ शब्द स्त्रीलिंगी होता, जहाजाच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर देवीची मूर्ती कोरत, जहाज खलाशांना आईसारखे सांभाळते, वगैरे. यांपैकी एकही कारण सिद्ध झालेले नाही. सगळेच दर्यावर्दी लोक जहाजाला स्त्री मानतात, हे तर सरळ खोटे आहे. फ्रेंचमधला ‘नाव्हीर’ पुल्लिंगी आहे, रशियन ‘कोराब्ल’ पुल्लिंगी आहे, आणि जर्मनमध्ये जहाज हा सामान्य शब्द नपुंसकलिंगी असून एखाद्या विशिष्ट जहाजाचे नाव घेतले की मात्र स्त्रीलिंगी उपपद लागते, मग ते जहाज बिस्मार्कसारख्या पुरुषाच्या नावाचे का असेना. जहाजाला बाई का म्हणतात, यावर रंगरंगोटी आणि खर्च यांचे जे जुने विनोद सांगितले जातात, ते तुमच्या अनुवादात किंवा पत्रात कोठेही येऊ देऊ नका. त्यांत ना माहिती आहे ना विनोद.

ही ‘शी’ पूर्ण स्त्री कधीच नव्हती, हे एका बारीक खुणेवरून दिसते, आणि ही खूण तुमच्या लेखनातही कामाला येईल. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली स्वीकारले गेले आणि १९७७ पासून लागू झाले. त्यांतल्या तिसऱ्या नियमात, कामाच्या स्वरूपामुळे जिला मोकळेपणाने वळता येत नाही अशा नौकेची व्याख्या आहे: ‘अ व्हेसल विच फ्रॉम द नेचर ऑफ हर वर्क इज रिस्ट्रिक्टेड इन हर ॲबिलिटी टु मनूव्हर’. इथे ‘विच’ आणि ‘हर’ एकाच दमात आले आहेत. खरोखरची स्त्री असती तर ‘हू’ लागले असते. म्हणजे संबंधी सर्वनाम वस्तूचे आणि स्वामित्वदर्शक सर्वनाम स्त्रीचे, अशी ही जोडरचना आहे आणि ती इंग्रजीत शुद्ध मानली जाते. तेव्हा ‘शी’ वापरायचे ठरवलेत तरी ‘द शिप हू’ लिहू नका. ‘शी’ लिहिणाऱ्या मराठी लेखकांकडून होणारी ही सर्वांत ठळक चूक आहे.

त्याच नियमांत खोल बुडामुळे अडलेल्या नौकेला ‘व्हेसल कन्स्ट्रेन्ड बाय हर ड्राफ्ट’ म्हटले आहे. व्यापारी नौवहन विभागात जाऊ इच्छिणारा आपल्याकडचा मुलगा हे नियम शब्दशः पाठ करतो, कारण परीक्षेत ते तसेच लिहावे लागतात. तिथे ‘हर’च्या जागी ‘इट्स’ घालून आधुनिक होण्याला काही अर्थ नाही. याउलट १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराच्या ९२ व्या कलमात, जहाजाने प्रवासात आपला ध्वज बदलता कामा नये, हे सांगताना ‘इट्स फ्लॅग’ असे शब्द आहेत. दोन्ही दस्तऐवज आंतरराष्ट्रीय, दोन्ही अधिकृत, दोघांत जेमतेम दहा वर्षांचे अंतर, आणि सर्वनामे दोन. त्यामुळे ‘अधिकृत इंग्रजीत काय चालते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या कागदात काय चालते, असेच विचारावे लागते.

तुमच्या कामाच्या अधिक जवळचे कागद पाहू. भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदा ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्याच्या वळणावर लिहिलेला आहे, आणि जहाज सागरप्रवासास योग्य केव्हा मानावे हे सांगताना त्यात ‘शी’ येते: ‘व्हेन शी इज रीझनेबली फिट’. जहाज भाड्याने घेण्याच्या करारांचा ‘जेनकॉन’ नावाचा बहुप्रचलित नमुना आहे. त्यात जहाजाने ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा ‘ॲज शी मे सेफली गेट’ इतक्या जवळ जावे, असे शब्द आहेत. टॉवेलचे कंटेनर पाठवणाऱ्याला हा करार सहसा हाताळावा लागत नाही. पण विम्याचा दावा करताना पॉलिसीतले किंवा कायद्यातले वाक्य पत्रात उतरवण्याची वेळ येते. तेव्हा अवतरणचिन्हांच्या आत ‘शी’ आणि बाहेर तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘इट’ असे झाले तर ते मिसळणे नव्हे. अवतरण दुसऱ्याचे आहे, ते जसेच्या तसे ठेवणे हेच शिस्तीचे आहे.

बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे माल ताब्यात घेतल्याबद्दल जहाज कंपनी देते त्या कागदात, तर हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिथे जहाजाचे नाव आणि फेरी क्रमांक चौकटीत असतो, माल जहाजावर चढवल्याची नोंद असते, आणि वाक्ये अशी घडवलेली असतात की सर्वनामाची गरज पडू नये. कागदावर पैसे अवलंबून असले की सर्वनामापेक्षा नाम बरे, हा धडा त्या चौकटींतून घेण्यासारखा आहे.

खरेदीदाराचे ‘इट’ कोठून आले, याचे उत्तर अलीकडच्या पंचवीसेक वर्षांत आहे. लंडनचे ‘लॉइड्स लिस्ट’ हे नौवहनाचे वृत्तपत्र १७३४ पासून निघते. मार्च २००२ मध्ये त्याने जहाजांसाठी ‘शी’ सोडून ‘इट’ वापरण्याचा निर्णय जाहीर केला. इतर कोणी असा निर्णय घेतला असता तर समुद्रापासून दूर बसलेल्या शहरी लोकांचे खूळ म्हणून तो सोडून देता आला असता. पण हे वृत्तपत्र जहाजमालक, दलाल आणि विमावाल्यांसाठीचेच आहे. जहाज ही खरेदी-विक्रीची मालमत्ता आहे, ही त्यामागची भूमिका होती. त्यावर वाचकांचा बराच संतापही ओढवला. आज असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि ‘गार्डियन’ हे वृत्तपत्र यांच्या लेखनसंहिता, तसेच ‘शिकागो मॅन्युअल’ हा लेखनसंहितेचा ग्रंथ, ‘इट’च सांगतात. सुवेझ कालव्यात २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे कंटेनरवाहू जहाज आडवे अडकले, तेव्हाच्या इंग्रजी बातम्या आठवून पाहा. त्या आठवड्यात आपल्याकडच्या निर्यातदारांनी त्या बाकी काही नाही तरी डोळ्यांत तेल घालून वाचल्या होत्या. मोठ्या वृत्तसंस्थांच्या मजकुरात ते जहाज ‘इट’ होते.

दुसऱ्या बाजूला नौदले आहेत. स्कॉटलंडमधील अर्विन येथील सागरी संग्रहालयात माहितीफलकांवरचे ‘शी’ आणि ‘हर’ हे शब्द कुणीतरी खरवडून काढले, आणि एप्रिल २०१९ मध्ये संग्रहालयाने पुढचे फलक तटस्थ सर्वनामात लिहिण्याचे ठरवले. त्यावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. ब्रिटिश नौदलाने मात्र आपण परंपरेप्रमाणे ‘शी’च वापरत राहू असे सांगितले. भारतीय नौदलाच्या इंग्रजी पत्रकांतही जहाजासाठी ‘शी’ आणि ‘हर’ दिसते. आपल्याकडे युद्धनौकेचे जलावतरण स्त्रीच्या हस्ते करण्याचा प्रघात आहे. सध्याच्या विक्रांत या विमानवाहू नौकेचे जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ रोजी कोची येथे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या पत्नी एलिझाबेथ अँटनी यांनी केले. विक्रांत हे नाव पुल्लिंगी, आणि सर्वनाम ‘शी’. जॉन्सनच्या व्याकरणातली हर्क्युलिसची नोंद इथे जशीच्या तशी लागू पडते.

‘शी’ला होणाऱ्या आक्षेपाविषयी माझे मत विचाराल, तर जहाजाला ‘शी’ म्हटल्याने प्रत्येक स्त्रीचा अपमान होतो असे मला वाटत नाही, आणि ‘इट’ म्हटल्याने समुद्राची सारी परंपरा बुडते असेही वाटत नाही. पण एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. वस्तू, तिचा मालक आणि तिला हाकणारा पुरुष या जुन्या त्रिकुटात ‘शी’ अगदी चपखल बसत होते. आज त्याच जहाजावर स्त्रिया अधिकारी आणि कप्तान आहेत, आणि ‘द कॅप्टन सेड शी वॉज रेडी टु सेल’ या वाक्यात तयार कोण आहे, जहाज की कप्तान, हे कळेनासे होते. पूर्वी ही संदिग्धता नव्हती, कारण कप्तान नेहमी ‘ही’ असे. म्हणजे बदल नुसत्या भावनेपोटी नाही. भाषेला तो सोयीचाही झाला आहे.

सोय दोन्ही बाजूंनी तपासली पाहिजे, कारण ‘इट’चीही अडचण आहे आणि ती थेट तुमच्या टेबलावर येणारी आहे. हे वाक्य पाहा: ‘द कंटेनर वॉज नॉट लोडेड ऑन द व्हेसल ॲज इट वॉज हेल्ड अप आउटसाइड द पोर्ट.’ बंदराबाहेर काय अडकले? जहाज धक्का मोकळा होण्याची वाट पाहत समुद्रात उभे होते, की सोलापूरहून निघालेला तुमचा ट्रेलर बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत होता? पहिला अर्थ घेतला तर उशीर जहाज कंपनीचा. दुसरा घेतला तर तुमचा, आणि करारात उशिराची वजावट लिहिलेली असेल तर खरेदीदार दुसराच अर्थ घेणार. इथे ‘शी’ असते तर वाक्य निःसंदिग्ध झाले असते, कारण कंटेनरला कोणी ‘शी’ म्हणत नाही. जुन्या कारकुनांच्या ‘शी’ला हा खरा व्यावहारिक आधार होता आणि तो मी मान्य करते. तरीही उपाय ‘शी’कडे परतणे हा नव्हे. ‘ॲज द व्हेसल वॉज हेल्ड अप’ असे नाम पुन्हा लिहावे, की प्रश्न मिटला. शाळेत आपल्याला एकच शब्द पुन्हा वापरणे दोषाचे म्हणून शिकवले जाते. निबंधात ते खरे असेल, व्यापारी पत्रात पुनरुक्ती हा गुण आहे. दोन जहाजे एकाच वाक्यात असतील, म्हणजे कोलंबोला माल उतरवणारे एक आणि पुढे नेणारे दुसरे, तर ‘शी’ही निरुपयोगी ठरते, कारण दोन्ही ‘शी’. तिथे जहाजांची नावेच लिहावीत.

‘इट’ लिहायचे ठरले की आणखी एक जुना शत्रू समोर येतो. स्वामित्वाचे ‘इट्स’ वरच्या स्वल्पचिन्हाविना लिहायचे, आणि ‘इट इज’चे संक्षिप्त रूप त्या चिन्हासह. ‘हर’ लिहिणाऱ्याला ही कटकट नसते. औपचारिक पत्रात संक्षिप्त रूपे मुळीच वापरू नयेत. मग ते चिन्ह कोठेच येणार नाही आणि चूक होण्याची जागाच उरणार नाही.

‘इट’ स्वीकारले म्हणून ‘सिस्टर शिप’ (एकाच आराखड्याचे दुसरे जहाज) किंवा ‘मेडन व्हॉयेज’ (पहिली सफर) टाकून देण्याची गरज नाही. ही धंद्यातली रुळलेली नावे आहेत आणि ‘इट’ लिहिणारी वृत्तपत्रेही ती वापरतात. ‘मॅन्ड’ऐवजी ‘क्रूड’ (‘क्रू’ म्हणजे खलाशीवर्ग, त्यापासून झालेले रूप) आणि ‘सीमन’ऐवजी ‘सीफेअरर’ मात्र लिहावे. ते बदल आता धंद्यात रुळले आहेत. जहाजाच्या नावाआधी ‘आयएनएस’ किंवा ‘एचएमएस’ असेल तर त्याच्याआधी ‘द’ लावू नये, कारण त्या आद्याक्षरांतच जहाज हा शब्द आलेला असतो. देशांसाठीचे ‘शी’ तर जहाजांच्याही आधी मागे पडले; भारताविषयी लिहिताना आज ‘इट्स एक्स्पोर्ट्स’ लिहावे, ‘हर एक्स्पोर्ट्स’ भाषणात शोभेल.

आता अनुवाद. इंग्रजी लेखातल्या ‘शी’कडे पाहून मराठीत ‘ती’ लिहू नये आणि ‘इट’ पाहून ‘ते’ लिहू नये. मराठी सर्वनाम मराठी नामावरून ठरेल. युद्धनौका, विनाशिका, पाणबुडी हे नौदलातले आपले नेहमीचे शब्द स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे तुमच्या लेखात ‘ती’च येईल आणि योगायोगाने मूळ ‘शी’शी जुळेल. मालवाहू जहाज नपुंसकलिंगी, तेही व्यापारातल्या ‘इट’शी जुळते. हा योगायोग लक्षात ठेवायला सोयीचा आहे, पण तो योगायोगच आहे. टक्कर टाळण्याच्या नियमांत मालवाहू जहाजही ‘हर’च असते, आणि मचवा तर कोणत्याच इंग्रजी सर्वनामाशी जुळत नाही.

अडचण येते ती नुसते नाव आले की. ‘टायटॅनिक बुडाली’ असे आपण म्हणतो, कारण मनात बोट असते. ‘टायटॅनिक जहाज बुडाले’ असेही म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत. विक्रांतचे तसे होत नाही, कारण ‘विक्रांत दाखल झाला’ असे म्हटले तर एखादा मुलगा शाळेत दाखल झाल्यासारखे वाटते. मराठी वृत्तपत्रे ‘विक्रांत नौदलाच्या ताफ्यात दाखल’ असे क्रियापद गाळून सुटतात. मथळ्यात ते चालते, लेखात सतत नाही. माझा प्रघात असा आहे की लेखात नाव पहिल्यांदा येते तिथे त्यापुढे ‘ही विमानवाहू नौका’ किंवा ‘हे जहाज’ यांपैकी एक जोडून द्यावे, आणि मग शेवटपर्यंत त्याच शब्दाचे लिंग चालवावे. मध्येच शब्द बदलायचा असेल तर परिच्छेद बदलताना बदलावा आणि नवा शब्द प्रत्यक्ष लिहावा. नुसत्या ‘ती’वरून ‘ते’वर उडी मारू नये. लेखकाने ‘शी’मध्ये खरोखर जिव्हाळा ओतला असेल, उदाहरणार्थ निवृत्त नौसैनिक आपल्या जुन्या जहाजाचा निरोप घेत असेल, तर मराठीत सर्वनाम ते काम करू शकत नाही, कारण आपली ‘ती’ खुर्चीलाही लागते. तिथे तो जिव्हाळा क्रियापदात किंवा संबोधनात आणावा लागतो: ‘तिने आम्हाला सांभाळले’ असे एखादे वाक्य पुरते, आणि ते एकदाच यावे.

राहिले तुमच्या कार्यालयातले पत्रांचे जुने नमुने. ते एका दिवसात बदलू नका आणि साहेबांशी यावर वादही घालू नका. ज्या नमुन्यात विमा किंवा करारातली वाक्ये उतरवलेली आहेत ते तसेच राहू द्या. उशिराची सूचना, जहाज बदलल्याची सूचना आणि माल रवाना झाल्याची सूचना, ही तीन पत्रे घ्या आणि त्यांतल्या प्रत्येक ‘शी’च्या जागी आधी ‘द व्हेसल’ घालून पाहा. जिथे ते फारच जड वाटेल तेवढ्याच जागी ‘इट’ ठेवा. साहेबांनी विचारलेच, तर खरेदीदाराचे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. ज्याला पत्र जायचे त्याची भाषा पाहून लिहावे, ही रीत बहुधा त्यांनीच तुम्हाला शिकवली असेल.